मनोरंजन उद्यानांतील आतिथ्य व प्रवेशखर्च

मनोरंजन उद्याने, थीम पार्क आणि वॉटर पार्क येथे येणाऱ्या अभ्यागतांना मिळणारी वागणूक आणि त्यासाठी त्यांना करावा लागणारा खर्च हे पर्यटन-अर्थशास्त्र व ग्राहकहक्क या दोन्ही क्षेत्रांशी संबंधित विषय आहेत. या उद्यानांत सौजन्य हा सेवेचा भाग मानला जातो. ते टिकवण्यासाठी प्रशिक्षित मनुष्यबळ लागते, म्हणून त्याला किंमतही पडते. प्रवेशशुल्क वाढत गेले की सौजन्य सर्वांना सारखे मिळावे की अधिक पैसे देणाऱ्यास अधिक मिळावे, असा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात हा प्रश्न एस्सेलवर्ल्ड व इमॅजिका यांसारख्या मोठ्या उद्यानांच्या संदर्भात पुढे येतो. सोलापूरसारख्या शहरात मात्र यात्रेतील पाळण्यांची जुनी परंपरा आणि दूरच्या थीम पार्कची सहल अशा दोन्ही पद्धती एकाच वेळी दिसतात, त्यामुळे तुलनेसाठी हे शहर उपयुक्त ठरते.

संकल्पना

मनोरंजन उद्यान म्हणजे पाळणे, झुकझुक गाड्या, घसरगुंड्या व तत्सम यांत्रिक खेळ एका कुंपणात कायमस्वरूपी उभारलेली जागा. थीम पार्कमध्ये हे खेळ एखाद्या कथेच्या, प्रदेशाच्या किंवा चित्रपटाच्या कल्पनेभोवती गुंफलेले असतात आणि वास्तू, संगीत, पोशाख व खाद्यपदार्थही त्या कल्पनेला साजेसे ठेवले जातात. जत्रेतील पाळणे फिरते असतात, त्यांचे मालक एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत जातात. हा फरक खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. फिरत्या पाळण्याला जमीन विकत घ्यावी लागत नाही. कायमस्वरूपी उद्यानाला मात्र जमीन, रस्ते, पाणी, वीज आणि बारमाही कर्मचारी यांचा भार अभ्यागत येवोत वा न येवोत उचलावा लागतो.

या उद्योगात ग्राहकास 'गेस्ट' म्हणजे पाहुणा म्हणण्याची पद्धत आहे. मराठीतील 'पाहुणा' या शब्दामागे मात्र मोबदल्याची अपेक्षा नसते. घरी आलेल्याला पाणी विचारणे, बसायला सांगणे आणि जेवल्याशिवाय जाऊ न देणे हा पाहुणचार होय. तिकीट काढून आलेल्या माणसाला पाहुणा म्हटल्याने या दोन अर्थांत जो ताण निर्माण होतो, त्यातूनच उद्यानांतील वागणुकीबद्दलच्या अनेक तक्रारी उद्भवतात.

इतिहास

जागतिक पार्श्वभूमी

आधुनिक थीम पार्कचा आरंभ सामान्यतः १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अॅनाहाइम येथे सुरू झालेल्या डिस्नीलँडपासून मानला जातो. सुरुवातीस प्रौढांसाठी प्रवेशशुल्क १ डॉलर होते आणि प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे द्यावे लागत. इ.स. १९६१ मध्ये सुरू झालेल्या सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सास या उद्यानाने एकाच तिकिटात सर्व खेळ देण्याची पद्धत रूढ केली. डिस्नीलँडने खेळागणिक तिकिटांची पद्धत १९८२ मध्ये बंद केली.

फ्लोरिडातील मॅजिक किंगडमचे प्रवेशशुल्क १९७१ मध्ये ३.५० डॉलर होते. ते २०१५ मध्ये १०० डॉलरच्या पुढे गेले. २०२४ मध्ये डिस्नीलँडच्या सर्वाधिक गर्दीच्या दिवसांचे तिकीट २०० डॉलरच्या वर पोहोचले. १९५५ ते २०२४ या काळात अमेरिकेतील सर्वसाधारण किमती सुमारे १२ पट झाल्या. १९५५ च्या एक डॉलरमध्ये खेळांचा समावेश नव्हता, हे लक्षात घेतले तरी प्रवेशशुल्काची वाढ महागाईपेक्षा बरीच अधिक आहे.

भारत व महाराष्ट्र

भारतात दिल्लीतील अप्पू घर (१९८४), कोलकात्यातील निक्को पार्क (१९९१) आणि चेन्नईजवळील किष्किंता (१९९५) ही आरंभीच्या काळातील उद्याने होत. केरळमध्ये कोची येथे २००० साली सुरू झालेल्या उद्यानापासून वंडरला या कंपनीचा विस्तार झाला. तिची पुढील उद्याने बंगळूर (२००५) व हैदराबाद (२०१६) येथे उभी राहिली.

महाराष्ट्रात मुंबईजवळ गोराई येथे १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. खाडी ओलांडून बोटीने तेथे जाणे हा मुंबईच्या दोन पिढ्यांच्या शालेय सहलींचा भाग होता. त्याच परिसरात १९९८ मध्ये वॉटर किंगडम हे जलक्रीडा उद्यान सुरू झाले. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले, वॉटर किंगडम मात्र सुरू राहिले.

रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गापासून जवळ, चित्रपट उद्योजक मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने एप्रिल २०१३ मध्ये अॅडलॅब्ज इमॅजिका सुरू झाले. पुढे त्याला जलक्रीडा उद्यान, हिमउद्यान आणि हॉटेल यांची जोड मिळाली. प्रकल्पावर मोठे कर्ज होते. ते फेडणे अवघड झाल्याने कर्जाची पुनर्रचना झाली आणि २०२२ मध्ये संगमनेर येथील मालपाणी समूहाने कंपनीचे नियंत्रण घेतले. याच समूहाने शिर्डी व लोणावळा येथे वेट अँड जॉय ही जलक्रीडा उद्याने आणि शिर्डीत साईतीर्थ हे भक्तीविषयक थीम पार्क उभारले आहे.

मार्च २०२० नंतर कोविड-१९ साथीमुळे देशभरातील उद्याने दीर्घकाळ बंद राहिली. या काळात उत्पन्न थांबले, तरी यंत्रांची देखभाल, सुरक्षा आणि कर्जावरील व्याज थांबले नाही. कायमस्वरूपी उद्यानांची आर्थिक नाजूकता त्यातून स्पष्ट झाली.

प्रवेशखर्च वाढण्याची कारणे

स्थिर खर्च

उद्यानाचा बहुतेक खर्च स्थिर स्वरूपाचा असतो. जमीन, पाळण्यांची खरेदी, त्यांची नियमित तपासणी, विमा, वीज, जलशुद्धीकरण आणि वेतन यांवर होणारा खर्च दिवसभरात पाचशे माणसे आली काय किंवा पाच हजार आली काय, फारसा बदलत नाही. मोठे रोलर कोस्टर बहुधा परदेशातून आणावे लागतात, त्यामुळे चलनदर आणि आयातशुल्क यांचाही परिणाम होतो. आवड टिकवण्यासाठी काही वर्षांनी नवा खेळ आणावा लागतो आणि नव्या गुंतवणुकीची भरपाई तिकिटातूनच केली जाते.

हंगामीपणा

महाराष्ट्रातील उद्यानांचे उत्पन्न शाळांची उन्हाळी सुट्टी, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार यांवर अवलंबून असते. पावसाळ्यात उघड्यावरील खेळ अनेकदा थांबवावे लागतात. त्यामुळे वर्षभराचा खर्च थोड्या दिवसांतील गर्दीतून भरून काढावा लागतो. गर्दीच्या दिवशी तिकीट महाग व कामाच्या दिवशी स्वस्त ठेवण्याची पद्धत यातून आली. ज्यांना आठवड्यातील कामाच्या दिवशी सुट्टी घेता येत नाही, त्यांना महागडे तिकीटच घ्यावे लागते.

श्रमप्रधान सेवा

अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमॉल व विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये नाट्य-संगीत कलांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. कारखान्यात यंत्रांमुळे एका कामगाराचे उत्पादन वाढते. परंतु चार वादकांची रचना वाजवायला पूर्वीही चार वादक लागत आणि आजही चारच लागतात. इतर क्षेत्रांबरोबर त्यांचेही वेतन वाढत असल्याने अशा सेवा तुलनेने महाग होत जातात. उद्यानातील सौजन्याला हे तत्त्व लागू पडते. घाबरलेल्या मुलाला धीर देऊन पाळण्यात बसवायला किंवा वृद्धाचा हात धरून पायरी उतरवायला जेवढा वेळ पूर्वी लागत असे, तेवढाच आजही लागतो.

करआकारणी

वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी महाराष्ट्रात मनोरंजनावर मूळच्या १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्यानुसार आकारणी होत असे. १ जून २०१५ पासून मनोरंजन उद्यानांच्या प्रवेशावर केंद्राचा सेवाकरही लागू झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा या उद्यानांवरील दर २८ टक्के ठेवण्यात आला. उद्योगाच्या मागणीनंतर २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के करण्यात आला. मूळ किंमत १,००० रुपये धरल्यास तिकीट १,२८० रुपयांवरून १,१८० रुपयांवर यावे, म्हणजे चौघांच्या कुटुंबामागे ४०० रुपयांची बचत व्हावी. प्रत्यक्षात ग्राहकाला किती लाभ मिळतो, हे मूळ किंमत त्याच वेळी वाढवली जाते की नाही, यावर अवलंबून असते.

दरआकारणीच्या पद्धती

वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये डिस्नीलँडचे उदाहरण घेऊन द्विस्तरीय दराचा प्रसिद्ध सिद्धांत मांडला. दारावर पैसे घ्यावेत की प्रत्येक खेळाला, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. सर्व ग्राहकांची आवड सारखी असेल, तर खेळाचा दर चालवण्याच्या खर्चाइतका कमी ठेवून दारावर जास्त शुल्क घेणे मालकाला फायद्याचे ठरते. परंतु ग्राहकांची आवड भिन्न असेल, तर दारावरील मोठे शुल्क कमी खेळणाऱ्यांना बाहेर ठेवते.

एकाच कुटुंबातही हा भेद असतो. एखाद्या सहलीत मुले दहा खेळ खेळतात, आईवडील तीन-चार, तर आजी पिशव्या सांभाळत बाकावर बसतात. जत्रेत आजींचा खर्च शून्य असतो. एकच तिकीट असलेल्या उद्यानात त्यांनाही शुल्क भरावे लागते, मग ते सवलतीचे का असेना. म्हणून एकच तिकीट दिवसभर खेळणाऱ्या तरुणांच्या गटाला परवडते, तर तीन पिढ्यांच्या कुटुंबाला महाग पडते. लहान मुलांची सवलत बहुतेक ठिकाणी वयाऐवजी उंचीवर ठरते, कारण खेळांत बसण्याची सुरक्षित मर्यादाही उंचीवरच अवलंबून असते.

प्रवेशशुल्काशिवाय वाहनतळ, लॉकर, पोहण्याचे कपडे भाड्याने घेणे, खाद्यपदार्थ व छायाचित्रे यांवरही खर्च होतो. एकूण खर्चाचा अंदाज घेताना केवळ तिकिटाची रक्कम पाहणे त्यामुळे अपुरे ठरते.

अभ्यागत-सौजन्य

प्रशिक्षण

डिस्नीलँड सुरू होत असतानाच, १९५५ मध्ये, व्हॅन फ्रान्स यांच्या देखरेखीखाली कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था उभी राहिली. ती पुढे डिस्नी युनिव्हर्सिटी या नावाने ओळखली गेली. तेथे कर्मचाऱ्याला नाटकातील पात्राप्रमाणे 'कास्ट मेंबर' म्हटले जाते. सुरक्षितता, सौजन्य, सादरीकरण आणि कार्यक्षमता ही कामाची चार सूत्रे याच क्रमाने शिकवली जात. क्रमाला येथे महत्त्व आहे. पाळणा सुरक्षित नसेल तर नम्रतेचा उपयोग नाही, आणि रांग वेगाने सरकवण्यासाठी सौजन्याचा बळी देऊ नये, असा त्याचा अर्थ होतो. भारतीय उद्यानांनीही गणवेश, नावाची पट्टी, स्वागताचे ठरावीक शब्द आणि तक्रार कक्ष या गोष्टी स्वीकारल्या आहेत.

भावनिक श्रम

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या कामाच्या अभ्यासातून 'भावनिक श्रम' ही संज्ञा मांडली. नोकरीचा भाग म्हणून दिवसभर प्रसन्न चेहरा ठेवणे हेही श्रमच आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. भर उन्हात आठ तास पाळण्याचा पट्टा तपासणाऱ्या कर्मचाऱ्याकडून शेवटच्या फेरीतही पहिल्या फेरीइतकीच नम्रता अपेक्षित असते. खर्च वाचवण्यासाठी कर्मचारी कमी केले की उरलेल्यांवरील ताण वाढतो आणि सौजन्य प्रथम घटते. अभ्यागत मात्र वाढलेल्या दरामुळे अधिक चांगल्या वागणुकीची अपेक्षा बाळगून असतो. दर वाढणे आणि मनुष्यबळ घटणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, तर संघर्ष अटळ होतो. सौजन्य ही अभ्यागताचीही जबाबदारी आहे. रांग न मोडणे, सुरक्षेच्या सूचना पाळणे आणि उंचीच्या नियमावरून कर्मचाऱ्याशी हुज्जत न घालणे यांचा तीत समावेश होतो.

रांग आणि प्राधान्य तिकीट

डिस्नीने १९९९ मध्ये रांगेत उभे न राहता ठरावीक वेळी खेळाकडे येण्याची फास्टपास ही विनामूल्य सोय आणली. २०२१ मध्ये तिची जागा पैसे देऊन घ्यावयाच्या सेवेने घेतली. भारतातही इमॅजिका व वंडरला येथे जादा पैसे देऊन वेगळ्या रांगेतून जाण्याची तिकिटे मिळतात. तिरुमला येथील ३०० रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनामुळे महाराष्ट्रातील भाविकांना ही कल्पना आधीपासून परिचित आहे.

अशा तिकिटाने खेळाची क्षमता वाढत नाही, फक्त तिची वाटणी बदलते. समजा, एका पाळण्यात तासाला १,००० माणसे बसू शकतात आणि साध्या रांगेत आपल्यापुढे ८०० जण आहेत. सर्व जागा साध्या रांगेला मिळाल्यास ४८ मिनिटांत आपली पाळी येते. तासाला २०० जागा प्राधान्य तिकिटांसाठी राखल्यास साध्या रांगेला ८०० जागा उरतात आणि आपल्याला ६० मिनिटे थांबावे लागते. म्हणजे एकाने विकत घेतलेला वेळ दुसऱ्याच्या प्रतीक्षेतून येतो. उद्यानाला त्यातून अधिक उत्पन्न मिळते आणि साधे तिकीट काही प्रमाणात स्वस्त ठेवणे शक्य होते, असा या पद्धतीच्या बाजूने युक्तिवाद केला जातो. प्राधान्य तिकिटांची दैनंदिन संख्या मर्यादित ठेवणे आणि साध्या रांगेच्या अपेक्षित वेळेचा फलक लावणे, हे यावरील व्यवहार्य उपाय मानले जातात.

सोलापूर

गड्ड्याची यात्रा

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांची यात्रा दरवर्षी जानेवारीत मकर संक्रांतीच्या सुमारास भरते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्याशी ती निगडित आहे. सात नंदीध्वजांची मिरवणूक, शहरातील ६८ लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा आणि होम हे तिचे मुख्य विधी होत. यात्रेनिमित्त होम मैदानावर भरणारी जत्रा 'गड्डा' या नावाने ओळखली जाते. आकाशपाळणे, मौत का कुआँ, लहान मुलांच्या झुकझुक गाड्या, खेळण्यांची व खाद्यपदार्थांची दुकाने हे तिचे आकर्षण असते. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारी कुटुंबे येथे एकत्र येतात.

गड्ड्यात फिरायला प्रवेशशुल्क नसते, पैसे प्रत्येक पाळण्याला द्यावे लागतात. ओईच्या सिद्धांताच्या भाषेत, येथे दारावरील दर शून्य आहे आणि संपूर्ण भार खेळावर आहे. यंत्रमाग, चादर-टॉवेल उद्योग आणि विडी वळण्याच्या कामावर गुजराण करणाऱ्या कामगार वस्त्यांतील कुटुंबांना त्यामुळे आपल्या ऐपतीप्रमाणे खर्च ठरवता येतो. मुलाला एका पाळण्यात बसवून, भेळ खाऊन आणि रोषणाई पाहून परतणेही पूर्ण सहल ठरते. पाळण्याचा दर वाढला, तर फेऱ्या कमी होतात, पण प्रवेश नाकारला जात नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, फिरत्या पाळण्यांची उभारणी थोड्या दिवसांत करावी लागते. त्यामुळे जोडणीची तपासणी, विजेची सुरक्षितता आणि गर्दीचे नियोजन यांवर प्रशासनाला विशेष लक्ष द्यावे लागते. स्वच्छतागृहे, सावली व पिण्याचे पाणी या सोयींत कायमस्वरूपी उद्याने पुढे असतात.

दूरच्या उद्यानांची सहल

सोलापूर हे पुणे–हैदराबाद या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर वसले आहे. पुणे सुमारे २५० किलोमीटर, तर हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर अंतरावर आहे. त्यामुळे मोठे उद्यान पाहण्यासाठी सोलापूरकरांपुढे पश्चिमेला लोणावळा-खोपोली परिसर आणि पूर्वेला हैदराबाद असे दोन पर्याय असतात. हैदराबादजवळ वंडरलाखेरीज १९९६ मध्ये सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी आहे. दोन्ही बाजूंना जाऊन-येऊन किमान एक मुक्काम धरावा लागतो. स्थानिक अभ्यागताच्या दृष्टीने तिकीट हा मुख्य खर्च असतो. सोलापूरच्या कुटुंबाच्या हिशेबात त्याच्याबरोबर गाडीभाडे, निवास, दोन दिवसांचे जेवण आणि बुडालेली मजुरी यांचीही भर पडते.

प्रवासखर्चाला काही प्रमाणात आळा घालणाऱ्या सवलती उपलब्ध आहेत. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसमध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत आहे. शाळांच्या शैक्षणिक सहलींनाही एस.टी. निम्म्या दराने मिळते. सहलीचे ठिकाण निवडताना शाळांपुढे नेहमीचा पेच असतो. उद्यानाचे तिकीट जोडले की वर्गणी वाढते, आणि वर्गणी वाढली की काही मुले आपण होऊन नाव देत नाहीत. 'सहलीला यायचे नाही' असे सांगणाऱ्या मुलाचे खरे कारण अनेकदा पैसे हेच असते.

विनामूल्य आतिथ्याची परंपरा

सोलापूर जिल्ह्यात विनामूल्य आतिथ्याची सशक्त परंपरा आहे. अक्कलकोट येथे श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळातर्फे भाविकांना विनामूल्य महाप्रसाद दिला जातो. पंढरपूरच्या वारीत गावोगावचे लोक वारकऱ्यांना पाणी, जेवण व निवारा देतात. या व्यवस्था देणग्या आणि सेवेकऱ्यांच्या श्रमांवर चालतात, त्यामुळे व्यावसायिक उद्यानाशी त्यांची थेट तुलना होऊ शकत नाही. मात्र त्यामुळे स्थानिक अभ्यागताची अपेक्षा घडते. पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागणे किंवा घरची भाकरी-चटणी दारावर काढून घेतली जाणे त्याला दरापेक्षाही अधिक खटकते.

अभ्यागतांचे हक्क

बाहेरील खाद्यपदार्थांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. चित्रपटगृहाच्या मालकास बाहेरील पदार्थ आणण्यास मनाई करता येते. तथापि पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य उपलब्ध करून दिले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी आवश्यक तेवढे अन्न आणू दिले पाहिजे, असे त्यात नमूद आहे. हा निर्णय चित्रपटगृहांपुरता असला, तरी अशाच स्वरूपाच्या खासगी करमणूक स्थळांच्या चर्चेत त्याचा उल्लेख होतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतील फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. सुरुवातीस कमी किंमत दाखवून शेवटच्या टप्प्यावर शुल्क वाढवणे, न मागितलेली वस्तू बिलात घालणे आणि खोटी घाई निर्माण करणे या प्रकारांचा त्यांत समावेश आहे. ऑनलाइन तिकीट काढताना अंतिम रक्कम करासह सुरुवातीलाच दिसणे हा त्यामुळे अभ्यागताच्या हक्काचा भाग ठरतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकास आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. रायगड जिल्ह्यातील उद्यानाविरुद्धची तक्रार सोलापूरच्या रहिवाशाला सोलापुरातच करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत तक्रारीसाठी शुल्क लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावरही दाद मागता येते. तक्रारीसाठी तिकीट, पावती आणि दरफलकाचे छायाचित्र जपून ठेवणे उपयुक्त असते.

सामाजिक महत्त्व

मनोरंजन ही जीवनावश्यक गरज नाही, त्यामुळे उद्यानांनी आपला दर आपण ठरवावा, असे एक मत आहे. बालकाच्या खेळण्याच्या व विश्रांतीच्या हक्काला संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ मध्ये मान्यता मिळालेली आहे आणि भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली, याकडे दुसऱ्या मताचे लोक लक्ष वेधतात. या हक्काचा अर्थ प्रत्येक मुलाला रोलर कोस्टर मिळावा असा होत नाही. सार्वजनिक बागा, मैदाने आणि यात्रा टिकून राहिल्या, तरच खासगी उद्यानाचे तिकीट ही निवड राहते. त्या आक्रसल्या, तर तेच तिकीट खेळाची एकमेव वाट बनते. वाढत्या दरांचा परिणाम म्हणून केवळ उद्यानांच्या आतील परिस्थितीकडे न पाहता, त्याच शहरातील विनामूल्य जागांच्या स्थितीकडेही पाहणे आवश्यक ठरते.

हेही पहा

सिद्धेश्वर मंदिर, सोलापूर
सोलापूर जिल्हा
एस्सेलवर्ल्ड
इमॅजिका
रामोजी फिल्म सिटी
वस्तू व सेवा कर
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९